पाणी कुठवर आलं होतं

भूपालनी आधी हॉटेलाचं भाडं हळदीत मोजलं.
(कागदावर नाव घ्यायला मला लाज वाटत नाही.)
एका रात्रीला एक पोतं, राजापुरी.
पाच रात्रींना पाच पोती,
वर माणशी कर, शहरात झोपल्याचा.
"झोपल्याचा कर?" म्हणाले,
आणि तोही वहीत लिहून घेतला
त्याच अक्षरात, ज्यात चाळीस वर्षं
मार्केट यार्डात दुसऱ्यांची वजनं लिहिली.

फ्लोरेन्स. आमच्या तोंडात
हे नाव अजून बसत नाही.
नातू म्हणतो, आज्जी,
तिथले लोक तर तिसरंच काही म्हणतात.

हॉटेल लहान. नऊ खोल्या.
फोटोत लोखंडी पलंग, एक खुर्ची,
खिडकीबाहेर लाल कौलं.
ही तर आपलीच, भूपाल म्हणाले,
फक्त पाऊस कमी खाल्लेली.
नाश्ता धरून: पाव, जाम, कॉफी.
कांदा नको, बटाटा नको हे कसं सांगायचं
त्याचा कागद सुनेनं करून दिलाय.
तो पासपोर्टात, आणि पासपोर्ट माळ्यावर,
एकोणीस सालापासून सगळे कागद असतात तिथं.

जून ठरला. चातुर्मास लागायच्या आत परत.
जूनमध्ये तिथं सूर्य नऊला बुडतो
हे कळलं तेव्हा हा माणूस पोरासारखा हसला.
जन्मभर लग्नाकार्यात
पंगतीच्या आधी एकटाच जेवून उठणारा,
आता रस्त्यावरच्या टेबलाशी
सगळ्यांच्या बरोबरीनं बसणार, आठ वाजता, उन्हात.

अडलं ते मजल्यावर.
तळमजल्याची खोली स्वस्त, अंगणाला लागून.
तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही,
अडुसष्ट पायऱ्या, प्रामाणिकपणे लिहिलंय.
भूपालचा उजवा गुडघा तळमजल्याच्या बाजूनं.
मी विचारलं, गावात नदी आहे?
आहे.
हॉटेलापासून किती लांब?
त्यांनी नकाशावर बोट ठेवलं
आणि उचललं नाही.

गावभागात घर असलेल्या बाईला
खिडकीतून काय दिसतं ते सांगू नये.
तिला सांगावं, पुलाखाली किती फूट झाले
की इथं पहिल्या पायरीला पाणी लागतं.
आमच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर
एक मातकट रेघ आहे. तीनदा रंग दिला.
तीनदा ती आतून वर आली.

नातवाला बसवून मी मालकिणीला पत्र धाडलं.
एकच प्रश्न.
असं कुणी विचारतं का हॉटेलला, तो म्हणाला,
गरम पाणी आहे का विचार.
मी म्हटलं, लिही.

दोन दिवस काही नाही.
भूपालनी आणखी दोन हॉटेलं वहीत उतरवली.
मग उत्तर आलं. ओर्नेला म्हणून बाई.
सहासष्ट साली ती नऊ वर्षांची होती.
पाणी जिन्याच्या अकराव्या पायरीपर्यंत,
वर तेलाचा तवंग.
आईनं आधी शिवणयंत्र वर नेलं, मग हिला.
बाकी जिना नवा केला, लिहिलं होतं तिनं,
अकरावी पायरी तीच ठेवली.
खाली विचारलं होतं: तुमच्याकडे?

मी रेघेशी जाऊन उभी राहिले.
भूपालनी टेप लावला.
चार फूट दहा इंच, माझ्या भुवयांना लागून.
नातवानं त्याचे सेंटिमीटर केले,
काही न बोलता पाठवले.

खोली तिसऱ्या मजल्यावरची घेतली.
आता रोज संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून
हे घाटाच्या पायऱ्या चढतात, उतरतात, मोठ्यानं मोजतात.
काल त्रेचाळीस झाल्या.
मी वर उभी राहून पाण्याकडे बघते,
सवय आहे.

ओर्नेलासाठी पाव किलो हळद बांधलीय, तीन पिशव्यांत.
तरी बॅग आत्तापासून पिवळा वास मारते.
वजनात बसतंय, भूपाल म्हणतात.
वजनाचं त्यांना कळतं.